दोन ताप

फॉर्म तीन दिवस फ्रिजवर आहे,
खजुराच्या आकाराच्या चुंबकाखाली.
वर अरबी, खाली इंग्रजी,
मध्ये दोन रिकामे चौकोन
माझ्या करंगळीच्या नखाएवढे.

उमैरच्या वर्गात आज अकरा जण.
परवा एकवीस होते.
बसवाला गुलजमान सांगतो,
मागच्या सीटवर कुणीच नसतं आता,
दंगा नाही म्हणून गाडी चालवताना झोप येते.

अन्वर सोहारच्या बंदरावर, नाईटला.
एक कंटेनर उतरला की दुसरा यायच्या आत
क्रेनमधून त्याचा मेसेज: तू ठरव.
मी लिहिते: बाप तू आहेस ना?
तो लिहितो: आहे म्हणूनच.
मग बराच वेळ नुसतं ‘टाइप करतोय’.
मग काही नाही.

दाभोळहून अम्मींचा आवाज, दीड मिनिटांचा:
आमच्या वेळी कुठं होतं हे,
गवती चहा, आलं,
छातीला ओव्याची पुरचुंडी.
खोकतात.
थांबतात.
मग म्हणतात, अन्वरच्या आधी एक होता माझा,
सव्वा वर्षाचा. तापच होता.
आवाज तिथेच संपतो.
नऊ वर्षं झाली लग्नाला,
हे मला आज कळतं.

घाणेकर वहिनी म्हणतात,
आमच्या तन्मयला गेल्या वर्षी टोचली
तरी आठ दिवस झोपून होता.
खालच्या फार्मसीतला सुदानी म्हातारा हसतो,
आठच ना?
मी दोघांचंही पटवून घेत जिना चढते
आणि वर पोचेपर्यंत
दोघांचंही विसरते.

माझ्या दंडावर एक खड्डा आहे, गोल, चकचकीत.
आईला विचारलं होतं, कधी टोचलं?
म्हणाली, नर्सबाई आली, तुला घेतलं,
तू रडलीस, तुला परत दिलं.
तुला भीती नाही वाटली?
छे गं, मला कुणी विचारलं होतं?

मला विचारलंय.
दोन चौकोन काढून विचारलंय.

तिसऱ्या रात्री खूण केली,
उमैरच्या हिरव्या स्केचपेननं,
घरातलं एकही पेन चालत नव्हतं.
‘हो’च्या बाहेर थोडी गेली रेघ.

आरोग्य केंद्रात सिस्टर लिसीनं
मिस्बाहच्या कपाळाला हात लावला
आणि सुई परत ट्रेमध्ये ठेवली.
इसको आज नहीं, चेची,
इसको तो आ गया.
मी म्हटलं, पण मी सही केलीय.
ती काही बोलली नाही.
फॉर्मवर मिस्बाहच्या नावापुढं
एक आडवी रेघ मारली, सरळ,
माझ्या खुणेपेक्षा कितीतरी सरळ.
उमैरनं दंड पुढं केला.
रडला नाही. विचारलं,
संपलं?

संपलं कुठलं.
रात्री दोन्ही अंथरुणांच्या मध्ये मी,
एकच थर्मामीटर, पुसून पुसून.
याला अडतीस. तिला एकोणचाळीस पॉइंट सहा.
मला अजून सेल्सिअसमध्ये भीती वाटत नाही,
मनात फॅरनहाइट करते,
मग वाटते.

याचा ताप मी आणलेला,
सही करून, रांगेत उभं राहून.
सकाळपर्यंत उतरेल म्हणाली लिसी.
तिचा ताप आपला आपण आला,
तीन दिवसांत कधीतरी,
फॉर्म फ्रिजवर असताना.
कुठल्या कपाळावर हात जास्त वेळ ठेवायचा,
हे कुठल्याच भाषेत छापलेलं नव्हतं.

एसी बंद केला. चालू केला. बंद केला.
मिस्बाह झोपेत पाढे म्हणते,
तेरावर अडकते.
मी पुढचा सांगते,
ती ऐकत नाही.

फजरची अजान झाली तेव्हा
दारात अन्वर, हातात हेल्मेट.
बूट बाहेर काढले,
कोपरापर्यंत हात धुतले,
आले तेच पाणी गळत खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहिला.
मी बोटानं दाखवलं, हा. ही.
त्यानं मान हलवली,
आणि पहिलं कुणाकडे जावं ते न कळून
तसाच उभा,
ओले हात हवेत धरून.